शरीर म्हणजे मी का? छांदोग्य उपनिषदातली इंद्र-विरोचनाची गोष्ट



चौथीच्या वर्गावर परिसर अभ्यासात शरीराचे अवयव शिकवत होते. फळ्यावर आकृती काढली, डोळे, कान, नाक, जीभ, त्वचा लिहून झालं, आतल्या अवयवांची नावं घेतली. वर्गातला एक मुलगा आजी वारल्यामुळे बारा-तेरा दिवस शाळेत नव्हता, तो त्या दिवशी पहिल्यांदाच आला होता. त्याने हात वर केला आणि म्हणाला, "बाई, आजीला डोळे होते, कान होते, हातपाय होते. सगळं तिथंच होतं. मग आजी गेली म्हणजे काय गेलं?"

अशा वेळी आपल्या तोंडून जे उत्तर आपोआप बाहेर पडतं तेच माझ्याही पडलं. शरीर म्हणजे कपडे, आत्मा जुने कपडे टाकतो आणि नवे घालतो, वगैरे. गीतेतला हा दृष्टांत आपण लहानपणापासून ऐकत आलेलो असतो. पोरगं क्षणभर गप्प बसलं आणि मग त्याने विचारलं, "मग नवीन कपडे घातलेली आजी कुठंय?" मागून कोणीतरी सांगितलं की दहाव्याला पिंडाला कावळा शिवतो, तीच आजी असते. एक मुलगी म्हणाली, आमच्यात तर पुरतात. तेवढ्यात घंटा झाली आणि मी सुटले.

वर्गातून सुटले, पण प्रश्न काही सुटला नाही. आपण "देह नश्वर, आत्मा अमर" हे वाक्य किती सहज म्हणतो! दशक्रियेला म्हणतो, श्रद्धांजलीच्या फ्लेक्सवर छापतो. पण आत्मा म्हणजे नेमकं काय, हे चौथीच्या पोराला सांगायची वेळ आली की कळतं, आपल्यालाच ते धड समजलेलं नाही. म्हणून सुट्टीत उपनिषदांची मराठी भाषांतरं काढून बसले. त्यातून जे हाती लागलं ते इथे लिहिते. मी काही वेदान्ताची अभ्यासक नाही, डी.एड. झालेली प्राथमिक शिक्षिका आहे. त्यामुळे मला जिथे अडलं तिथेच मी जास्त वेळ थांबणार आहे.

आधी आपली रोजची भाषा

"मी" हा शब्द आपण कुठे कुठे चिकटवतो ते बघा. "मी बारीक झाले" म्हणतो तेव्हा मी म्हणजे शरीर. "मी दमले" म्हणतो तेव्हा मी म्हणजे अंगातली शक्ती, प्राण. "मी वैतागले" यात मी म्हणजे मन. "मी ठरवलं" यात मी म्हणजे बुद्धी. आणि गाढ झोपेतून उठल्यावर "मी मस्त झोपले होते" म्हणतो, त्यात मी म्हणजे निव्वळ सुख. एकच शब्द, पण बोट दर वेळी वेगळ्या जागी.

तैत्तिरीय उपनिषदात याच क्रमाने आत आत जात माणसाचे पाच थर सांगितले आहेत: अन्नमय, प्राणमय, मनोमय, विज्ञानमय आणि आनंदमय. पुढच्या ग्रंथांत यांना पंचकोश म्हणतात. कोश म्हणजे म्यान, वेष्टन. वरचा थर अन्नाचा आहे हे मला फार आवडलं. आपण खाल्लेली भाकरीच हाडामांसाची झाली, इतका साधा आणि खरा विचार त्यात आहे. त्याच उपनिषदात भृगू आपल्या वडिलांकडे, वरुणाकडे, ब्रह्म काय ते विचारायला जातो. वडील उत्तर देत नाहीत. खूण सांगतात आणि तप कर, स्वतः शोध म्हणतात. तो एक उत्तर शोधतो, परत येतो, पुन्हा पाठवला जातो, असं अन्नापासून आनंदापर्यंत चालतं.

काही प्रवचनकार मात्र भाषेच्या जोरावरच आत्मा सिद्ध करून टाकतात. "माझा हात" म्हणतो म्हणजे मी हातापेक्षा वेगळा, "माझं शरीर" म्हणतो म्हणजे मी शरीरापेक्षा वेगळा. ऐकायला छान वाटतं. पण आपण "माझा आत्मा" असंही म्हणतोच की! मग मी आत्म्यापेक्षाही वेगळी झाले का? शिवाय पुरणपोळी पोटभर खाल्ल्यावर आपल्याकडे "आत्मा थंड झाला" म्हणतात, तिथे आत्मा म्हणजे सरळ पोट. व्याकरणाने फार तर प्रश्न उभा राहतो. उत्तरासाठी जास्त कष्ट घ्यावे लागतात, आणि ते कष्ट ज्या गोष्टीत दिसतात ती गोष्ट छांदोग्य उपनिषदात आहे.

प्रजापतीच्या घरची शाळा

छांदोग्य उपनिषद सामवेदाचं. त्याचे आठ अध्याय आहेत आणि ही गोष्ट शेवटच्या, आठव्या अध्यायात येते.

प्रजापतीने जाहीर केलं की ज्याला म्हातारपण नाही, मरण नाही, शोक नाही, भूक-तहान नाही असा एक आत्मा आहे. त्याला शोधावं, जाणून घ्यावं, ज्याला तो कळला त्याच्या सगळ्या इच्छा पुऱ्या होतात. हे देवांनी ऐकलं आणि असुरांनीही ऐकलं. देवांकडून इंद्र निघाला, असुरांकडून विरोचन. एकमेकांना न सांगता दोघंही हातात समिधा घेऊन प्रजापतीच्या दारात हजर झाले. समिधा म्हणजे यज्ञात घालायच्या काटक्या. शिकायला जाताना त्या घेऊन जायची रीत होती, आजच्या प्रवेश अर्जासारखीच म्हणा.

दोघांनी 32 वर्षं गुरुगृही काढली. इतका वेळ गेल्यावर प्रजापतीने विचारलं की तुम्हाला हवंय तरी काय. त्यांनी सांगितल्यावर तो म्हणाला की डोळ्यात जो पुरुष दिसतो तोच आत्मा. आता "डोळ्यात दिसतो" याचा अर्थ काय घ्यायचा? डोळ्यातून पाहणारा असा घेता येतो, किंवा डोळ्याच्या बाहुलीत दिसणारं समोरच्याचं छोटंसं प्रतिबिंब असाही. या दोघांनी दुसरा अर्थ घेतला आणि लगेच विचारलं की पाण्यात दिसतो तो की आरशात दिसतो तो?

इथे प्रजापती त्यांना एक कृती करायला लावतो. एका भांड्यात पाणी घ्या, त्यात पाहा, काय कळलं नाही ते मला सांगा. त्यांनी पाहिलं आणि सांगितलं की आम्ही आम्हाला पूर्ण दिसतोय, अगदी केसापासून नखापर्यंत. मग म्हणाला, आता नीट नटून, चांगले कपडे-दागिने घालून, स्वच्छ होऊन पाहा. पाहिलं. पाण्यातलेही नटलेले. प्रजापती म्हणाला, हाच आत्मा. दोघंही समाधानाने घरी निघाले.

त्यांना जाताना बघून प्रजापती मनाशी म्हणतो की हे आत्मा न कळताच चालले, आणि जे कोणी हीच समजूत धरून बसतील त्यांचा नाश होईल.

शिक्षिका म्हणून मला हा प्रसंग पहिल्या वाचनात मुळीच पटला नाही. विद्यार्थी चुकीचं समजून निघालेत हे दिसतंय, आणि गुरू नुसता बघत उभा? आपण असं केलं तर मुख्याध्यापक काय म्हणतील? ही शंका जुनीच आहे. शंकराचार्यांनी आपल्या भाष्यात ती उपस्थित केली आहे. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं की दोघंही स्वतःला जाणते समजत होते. तोंडावर मूर्ख ठरवलं असतं तर त्यांचा उत्साहच मोडला असता, आणि पुढे शिकायची ताकद राहिली नसती. पाण्याचं भांडं हे त्यांना त्यांची चूक स्वतःच दिसावी म्हणून होतं. प्रतिबिंब कपड्यांबरोबर बदलतं, म्हणजे ते कायमचं नाही, हे त्यांनीच ओळखायचं होतं. हे उत्तर मला अर्धं पटतं. कारण विरोचनाचं काय झालं ते पुढे आहे.

विरोचन असुरांकडे गेला आणि शिकवायला लागला: शरीर हाच आत्मा, त्याचीच पूजा करा, त्याचीच सेवा करा, दोन्ही लोक मिळतील. उपनिषद पुढे म्हणतं की जो दान देत नाही, श्रद्धा ठेवत नाही, यज्ञ करत नाही त्याला आजही लोक असुर म्हणतात, आणि असे लोक मेलेल्याचं शरीर अन्नाने, वस्त्रांनी, दागिन्यांनी सजवतात. त्यांना वाटतं त्याने परलोक जिंकता येईल. म्हणजे एका विद्यार्थ्याच्या अर्ध्या समजुतीवर अख्ख्या समाजाची शाळा उभी राहिली.

आणि इंद्र? तो देवांपर्यंत पोचलाच नाही. वाटेतच त्याला शंका आली. शरीर नटलं की हा आत्मा नटतो, ठीक. पण मग शरीर आंधळं झालं की आत्मा आंधळा, शरीर लंगडं तर आत्मा लंगडा, शरीर तुटलं-फुटलं तर आत्माही तुटका, आणि शरीर गेलं की आत्मा गेला. मला यात काही चांगलं दिसत नाही, असं म्हणून तो वाटेतून परत फिरला. पुन्हा हातात समिधा.

इंद्राच्या या शंकेवर मी बराच वेळ थांबले. मरणाचा विचार त्याच्या मनात शेवटी आला. आधी आलं ते आंधळेपण आणि लंगडेपण. आपल्यापैकी ज्यांच्या वर्गात दिव्यांग मूल आहे त्यांना हे लगेच कळेल. एका मुलीच्या पायात जन्मापासून दोष होता. इतर पोरं तिला नावाने हाक न मारता पायावरून हाक मारायची. मी रागवायचे, पण रागावून काय सांगायचं ते मलाही नीट शब्दांत धरता येत नव्हतं. पाय अधू आहे, मुलगी अधू नाही, हे वाक्य मला इंद्राने दिलं. शरीर म्हणजेच माणूस असं मानलं, तर ज्याचं शरीर कमी तो माणूसही कमी, असा हिशोब निघतो. तो हिशोब चुकीचा आहे हे आपल्याला आतून ठाऊक असतं. इंद्राने ते आतून ठाऊक असलेलं पकडलं आणि गुरूकडे परत नेलं.

आणखी 32 वर्षं. मग दुसरं उत्तर मिळालं: स्वप्नात जो मजेत हिंडतो तो आत्मा. हे पहिल्यापेक्षा बरं आहे, कारण आंधळ्याला स्वप्नात दिसतं, लंगडा स्वप्नात पळतो. इंद्र समाधानाने निघाला आणि पुन्हा वाटेतून परत आला. स्वप्नात कोणीतरी मारतं, पाठलाग करतं, माणूस रडतो. शरीराचा दोष लागला नाही तरी दुःख आहेच. म्हणजे मन हेही उत्तर नव्हे.

आणखी 32 वर्षं. तिसरं उत्तर: गाढ झोपेत, जिथे स्वप्नही नाही, तिथे जो शांत असतो तो आत्मा. इंद्र निघाला आणि याही वेळी परतला. त्याची या वेळची शंका सगळ्यात बारीक आहे. गाढ झोपेत दुःख नाही हे खरं, पण तिथे "हा मी आहे" एवढंही कळत नाही. दुसरं कोणी आहे हेही कळत नाही. हे तर नाहीसं झाल्यासारखंच झालं. असलं अमरपण घेऊन करायचं काय?

या गाढ झोपेवर पुढच्या काळात पंडितांचे मोठे वाद झाले. वेदान्ती म्हणतात, उठल्यावर तू सांगतोस ना की छान झोप लागली, काहीच कळलं नाही? मग ते "काहीच कळलं नाही" पाहणारा कोणीतरी तिथे जागा होताच, नाहीतर आठवलं कुणाला? न्यायदर्शनवाल्यांना हे मान्य नाही. ते म्हणतात, ही आठवण नव्हे, हे अनुमान आहे. ताजंतवानं वाटतं, वेळ गेलेला दिसतो, त्यावरून आपण ठरवतो की झोप लागली होती. मला दोन्ही बाजू वाचताना मजा आली. निकाल देण्याएवढी माझी तयारी नाही. मांडूक्य उपनिषद अवघ्या बारा मंत्रांचं आहे आणि त्यात जागेपण, स्वप्न, गाढ झोप या तिन्हींच्या पलीकडची चौथी स्थिती सांगितली आहे. आपल्या संतांच्या बोलण्यात "तुर्या" शब्द येतो तो हाच.

प्रजापती या वेळी म्हणाला, अजून पाच वर्षं राहा. 32 तिनदा म्हणजे 96, आणि 5, एकूण 101 वर्षं. (गणिताच्या तासाला हे उदाहरण वापरता येतं, मी वापरलं आहे.)

मग शेवटचं उत्तर आलं. हे शरीर मर्त्य आहे, मृत्यूने धरलेलं आहे. पण तेच त्या अमर, अशरीरी आत्म्याचं राहायचं ठिकाण आहे. शरीर म्हणजेच मी असं धरून बसलं की आवडतं-नावडतं, सुख-दुःख सुटत नाही. आणि एक दृष्टांत: गाडीला जसा बैल जुंपलेला असतो तसा प्राण या शरीराला जुंपलेला आहे. डोळा पाहण्याचं साधन आहे, नाक वासाचं, वाणी बोलण्याचं, कान ऐकण्याचं. "मी याचा वास घेतो", "मी हे बोलतो" हे ज्याला कळतं तो आत्मा. मन हा त्याचा दिव्य डोळा.

इथे लक्षात घ्यायची गोष्ट म्हणजे, एवढी 101 वर्षं फिरून प्रजापती परत शरीरापाशीच आला. त्याने शरीराला घाण म्हटलं नाही, शत्रू म्हटलं नाही. घर म्हटलं. पहिल्या उत्तरात घरालाच मालक समजण्याची चूक होती, शेवटच्या उत्तरात घर आणि राहणारा यांची नावं वेगळी झाली.

विरोचनावर अन्याय होऊ नये म्हणून एक सांगते. शरीराखेरीज वेगळा आत्मा नाही असं विचारपूर्वक मानणारेही आपल्या देशात होते. चार्वाकांच्या नावावर एक दृष्टांत सांगतात. पान, सुपारी, चुना यांपैकी एकातही लाल रंग नसतो, पण विडा चघळला की तोंड रंगतं. तशी पंचमहाभूतांपैकी चारच भूतं मानली तरी त्यांच्या मिश्रणातून जाणीव येते. हा मुद्दा आजच्या विज्ञानाच्या विद्यार्थ्यालाही जवळचा वाटेल. चार्वाक निदान प्रश्न विचारून तिथे पोचले होते. विरोचनाची अडचण अशी की त्याने वाटेत एकदाही थांबून विचार केला नाही.

शेत आणि शेताला जाणणारा

उपनिषद जरा दूरचं वाटलं, तर हाच विचार गीतेच्या तेराव्या अध्यायात शेताच्या भाषेत आला आहे. शरीराला तिथे क्षेत्र म्हटलं आहे. क्षेत्र म्हणजे शेत. आपला "शेत" शब्द त्याच्यापासूनच आला. आणि त्या शेताला जाणणारा तो क्षेत्रज्ञ.

शेतात काय काय येतं याची यादी वाचून मी चकित झाले. पंचमहाभूतं, अहंकार, बुद्धी, अव्यक्त म्हणजे मूळ प्रकृती, दहा इंद्रियं, मन आणि इंद्रियांचे पाच विषय, ही 24 तत्त्वं तर आहेतच. त्यापुढे इच्छा, द्वेष, सुख, दुःख, देहाचा संघात, चेतना आणि धैर्य हेही शेतातच घातले आहेत. म्हणजे माझा राग, माझी आवड, माझं दुःख हेसुद्धा शेतातलं पीक. आपण साधारणपणे आत्मा म्हणजे मन, भावना, स्वभाव असं काहीतरी समजतो. टीव्हीवर तर आत्मा म्हणजे पांढऱ्या साडीतली बाई किंवा छातीतून निघणारा उजेड. गीतेच्या हिशोबात जे जे दिसतं, वाटतं, बदलतं ते सगळं शेत, आणि ज्याला ते कळतं तो वेगळा.

ज्ञानेश्वरांनी (ज्ञानेश्वरी 1290 सालची) या ठिकाणी आपल्या मातीतलं चित्र काढलं आहे. शेत कोणाचं यावर भांडण लागलंय असं दाखवून ते एकेका पक्षाचं म्हणणं मांडतात. एक पक्ष म्हणतो, शेत जीवाच्या मालकीचं. प्राण हे त्याचं कूळ. प्राणाच्या घरचे चार भाऊ अंगमेहनत करतात, मन देखरेख करतं, आणि इंद्रियांचे बैल रात्र म्हणू नका पहाट म्हणू नका विषयांच्या रानात राबवले जातात. चुकीचं बी पेरलं की पीकही तसंच येतं आणि जीवाला ते जन्मोजन्मी भोगावं लागतं. मग दुसरा पक्ष उठतो आणि प्रकृतीला मालक म्हणतो, कोणी स्वभावाला, कोणी काळाला. आमच्या तालुक्यात बांधावरून चालणाऱ्या तंट्यांची ज्याला सवय आहे त्याला हा भाग वाचताना हसू आल्याशिवाय राहणार नाही.

आत्म्याबद्दल हिंदू परंपरेत एकच मत आहे असं मात्र मुलांना सांगू नये. शंकराचार्यांच्या मते आत्मा आणि ब्रह्म एकच. मध्वाचार्यांच्या मते जीव आणि ईश्वर कायम वेगळे. रामानुजाचार्य म्हणतात की जीव आणि जग हे ईश्वराचं शरीर आहे, म्हणजे "शरीर" हा शब्द तिथे केवढा मोठा होतो पाहा. सांख्य तर प्रत्येक देहामागे वेगळा पुरुष मानतात. शरीर म्हणजेच मी नव्हे, एवढ्या एका मुद्द्यावर हे सगळे एकत्र येतात.

उलट बाजूची चूक

विरोचनाची चूक आपल्याला पटकन दिसते. उलट बाजूची चूक मात्र आपल्या घरात असते आणि आपण तिला भक्ती समजतो. ओळखीच्या एका मावशींनी मधुमेहाच्या गोळ्या बंद केल्या. का, तर "देह काय, आज आहे उद्या नाही, त्याचे किती लाड करायचे?" सप्ताहात ऐकलेलं वाक्य त्यांनी असं लावलं. पायाला जखम झाली, ती चिघळली आणि शेवटी बोट काढावं लागलं. बायकांच्या बाबतीत हे जास्तच होतं, असं माझं निरीक्षण आहे. घरातल्या सगळ्यांची आजारपणं काढायची आणि स्वतःच्या दुखण्याला नश्वर म्हणायचं.

समर्थ रामदासांचा दासबोध यासाठी मुद्दाम उघडून पाहावा. त्यात देहाच्या दुःखाचं, किळसवाणेपणाचं वर्णन आहे, नाही असं नाही. तेराव्या दशकाचा पहिला समास तर आत्मानात्मविवेकाचाच आहे, म्हणजे आत्मा कोणता आणि आत्मा नव्हे ते कोणतं याचा निवाडा. पण त्याच ग्रंथाच्या पहिल्याच दशकाचा शेवटचा, दहावा समास नरदेहस्तवनाचा आहे. गणेशाचं स्तवन, शारदेचं स्तवन, सद्गुरूचं, संतांचं, श्रोत्यांचं स्तवन, आणि त्याच ओळीत माणसाच्या देहाचं स्तवन! जे काही साधायचं ते याच देहाने साधतं, म्हणून हा देह धन्य. धडधाकट देह मिळाला असेल तर तो कारणी लावा, असं ते आवर्जून सांगतात. प्रजापतीच्या बैलगाडीचा अर्थ मला या समासाने कळला. गाडी म्हणजे आपण नव्हे, हे खरं. पण चाकाला वंगण न घालता, आरी मोडली तरी तशीच हाकणाऱ्याला कोणी ज्ञानी म्हणत नाही.

वर्गात काय केलं

सरकारी शाळेत धर्माचं शिक्षण द्यायचं नसतं आणि ते योग्यच आहे. "आमच्यात पुरतात" म्हणणारी मुलगीही माझ्याच वर्गात बसते. तेव्हा आत्मा असतोच असं मी कोणाला सांगितलं नाही. फार जुन्या काळी आपल्या देशात लोकांना हाच प्रश्न पडला होता, त्यांनी त्यावर एक गोष्ट रचली, ती ऐका, एवढं म्हणून गोष्ट सांगितली.

खिचडी शिजवायच्या खोलीतून एक मोठी परात मागून घेतली, पाणी भरलं आणि मैदानात लिंबाच्या सावलीत ठेवली. चार चार जण वाकून बघायचे. वेडेवाकडी तोंडं करून झाली. एकीने डोक्यावर ओढणी घेतली, पाण्यातलीनेही घेतली. मग मी परातीला हळूच धक्का दिला. सगळे चेहरे फुटले. "तू फुटलीस का?" मी विचारलं. "नाही." "मग ती कोण होती?" यावर बराच गोंधळ झाला, उत्तरं आठ-दहा आली, मी कोणतंच बरोबर किंवा चूक म्हटलं नाही. विरोचनाचा भाग सांगताना मात्र मी प्रजापतीसारखी गप्प उभी राहिले नाही. तो वाटेत थांबला असता तर काय झालं असतं, हे त्यांना विचारलं.

बैलगाडीचं सांगितल्यावर आजीचा प्रश्न विचारणारा तो मुलगा म्हणाला, "गाडी थांबली की बैल सोडतात. सोडलेला बैल कुठं जातो ते घरच्यांना माहीत असतं." मी म्हटलं, आजीचं मला माहीत नाही. इंद्रालाही 101 वर्षं लागली.

"म्हणजे त्याला पण पहिल्यांदा आलं नव्हतं?"

"तीनदा चुकलं."

त्याने मान हलवली. सुट्टी झाली, पोरं पांगली. परात आत नेऊन ठेवायचं काम त्याच्याकडे होतं. ती उचलायच्या आधी त्याने एकटंच वाकून पाण्यात पाहिलं, पाणी हलायचं थांबेपर्यंत थांबला, आणि मग ते सगळं नेऊन कुंपणाजवळच्या जास्वंदीला घातलं.